चादरीच्या घड्या

चित्रपट शिकायला आलेल्या त्या वर्गात जो तो दिग्दर्शक व्हायला निघाला होता. चित्रपटाच्या सुरुवातीला येणारी नावं कशी करतात, हे शिकायला आलेली ती एकटीच. वर्गानं तिला ‘पाटीवाली’ म्हणायला सुरुवात केली. तिनं ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी एका वर्गमित्राच्या चित्रपटाची श्रेयनामावली तिच्याकडे आली. वडील गेल्यावर घर रिकामं करायला आलेल्या दोन बहिणींची गोष्ट होती. पाटीवालीनं कागदावर चौकटी आखून आराखडा केला. अक्षरं धुळीसारखी उडणार, गरगरणार आणि जुळून नावं होणार. सरांनी चौकटींवरून नजर फिरवली.

“अक्षरं झकास नाचतायत. पण या बहिणी कुठायत?”

ती घरी आली. गॅलरीत आई वाळलेल्या चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालत होती. हे खरं दोघींचं काम, असं तिच्या मनात आलं आणि नवा आराखडा सुचला. कॅमेरा वर, खाली पांढरी चादर, दोन बाजूंनी चार हात. दर घडीला कोऱ्या भागावर नवं नाव.

आई तयार झाली. दुसरे हात मावशीचेच हवे होते, दोघींची बोटं हुबेहूब सारखी. पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. आजीला वृद्धाश्रमात ठेवताना मावशीनं आपल्याला विचारलं नाही, हा राग आईनं आजी गेल्यावरही सोडला नव्हता.

“समोर आई असेल,” तिनं मावशीला स्पष्टच सांगितलं.

“तोंड दिसणार नाही ना?”

“फक्त हात.”

“मग येते.”

आईला सांगायचं धाडस मात्र तिला झालं नाही. मावशी स्टुडिओच्या दारात दिसली तेव्हा आईनं लेकीकडे एकदा पाहिलं आणि चादरीचं आपलं टोक उचललं.

पहिल्याच घडीला गोंधळ झाला. एकीनं लांबीत धरली, दुसरीनं रुंदीत.

“आधी लांबीत,” आई चादरीकडे बघत म्हणाली. “आई तशीच घालायची.”

“शेवटी शेवटी तिचे हातच उचलत नव्हते, ताई,” मावशी म्हणाली. “घड्या मीच घालायचे.”

आईचे हात थांबले. कॅमेरा चालूच होता. मग तिनं चादर रुंदीत धरली.

संकलन करताना पाटीवालीनं दोघींचे आवाज काढून टाकले, कापडाची सळसळ तेवढी ठेवली. थांबलेल्या हातांवर चित्रपटाचं नाव टाकलं. “मोठ्यानं वाचून बघ,” सर म्हणाले. “वाचून होईपर्यंत नाव हलता कामा नये.” वाचून पाहिल्यावर तिनं तीन नावं पडद्यावर आणखी थोडा वेळ ठेवली.

चित्रपट वर्गातल्यांना दाखवला तेव्हा दोघी बहिणी येऊन बसल्या. संपल्यावर मावशीनं विचारलं, “सगळ्यांची नावं आली. आमची कुठायत?”

पाटीवाली चपापली. नावं करायला बसलेली ती, आणि हीच दोन नावं विसरली होती. त्याच आठवड्यात तिनं शेवटी एक ओळ वाढवली. आईचं नाव आधी घातलं, वयानं मोठी म्हणून. मावशीनं हरकत घेतली नाही.

त्या दोघींचं गूळपीठ जमलं असं नाही. काही काम असलं की मात्र आता एकमेकींना फोन करतात, आणि लेकीमार्फत निरोप धाडायचं बंद झालं आहे.