माळकऱ्याचे बोंबील

गेल्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता, माझ्या मावशीच्या यजमानांवर, म्हणजे आमच्या काकांवर, अन्याय झाला. अख्ख्या अर्धापूर तालुक्यात माश्यांची इज्जत करणारा हा एकमेव माणूस, आणि त्यांच्याच हातून भजनाचा पखवाज काढून घेण्यात आला.

आमचा मुलूख केळीचा. केळीला फळ धरायला ना भुंगा लागतो ना पाखरू, त्यामुळं आमच्या लोकांची पक्की समजूत की झाड म्हणजे पाणी, खत आणि फवारा. काकांची मात्र केळीच्या मधोमध आंब्याची तीस झाडं, आणि त्यांच्या मते प्रत्येक झाडाची सोयरीक जुळवणारा वेगळा. काटेसावरीला साळुंक्या, पळसाला शिंजीर पाखरू, मोहाला वटवाघळं, सीताफळाला बारके भुंगे आणि आंब्याला माशी. लातूरला माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी पोह्यांवरची माशी मारायला पेपर उचलला, तर काकांनी त्यांचं मनगटच धरलं. "राहू द्या पाव्हणे, आंब्याच्या कामावर हाय ती." सोयरीक मोडली. माशी वाचली.

यंदा मोहोर आला तेव्हा शेजाऱ्यांच्या फवाऱ्यानं बागेत माशी दिसेना. मग गळ्यात तुळशीची माळ असलेला, अंड्याच्या गाड्यावरून जाताना श्वास रोखणारा हा माणूस नाकाला उपरणं बांधून धर्माबादच्या बाजारात बोंबील घ्यायला गेला. "सगळ्यात खराब असतील ते द्या." विकणाऱ्या बाईनं काळजीनं विचारलं, "काका, घरात भांडण झालं का?" बोंबील पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून त्यांनी फांद्याफांद्यांना टांगले. त्या वासावर माश्या आल्या, मोहोरावर बसल्या, आणि त्यांच्या मागोमाग भजनी मंडळाचे बुवाही आले.

"माळ घालून बोंबील? कालचा उपास तरी पाळला का?"

"बुवा, मी खाऊन नाही राहिलो, टांगून राहिलो. तोंडाचा वास घ्या पाहिजे तर."

बुवांनी खरंच घेतला. "तोंडाला न्हाई. पण बोटांला हाय. ह्या बोटांनी देवापुढं पखवाज वाजवणार?"

पखवाजालाही कातडंच असतं, हे सांगायला मीच तावातावानं गेले, सोबत मोहोराच्या दिवसांतल्या फवारणीविरुद्धची माझी पत्रकं घेऊन. बुवांनी एक पत्रक नीट वाचलं, घडी घातली आणि त्यावर सुपारी कातरली.

मे महिन्यात झाडं अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. पहिली पाटी काकांनी बुवांकडंच पाठवली. बुवांच्या घरी तीनदा आमरस झाला, जावयालाही बोलावलं. पखवाजाचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

आता दर गुरुवारी काका देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बसतात. आतल्या नव्या वादकाचा ठेका चुकला की त्यांची बोटं मांडीवर बरोबर पडतात. मग ते हळूच बोटं हुंगतात आणि हात उपरण्यात घेतात. वास कधीचा गेलाय, पण त्यांना पटत नाही. मी म्हटलं, "चला आत, बघू कोण अडवतंय!" तर म्हणाले, "भांडून गेल्यावर ठेका बसत न्हाई माय. कुणी बोलवलं तर जाईन."

भांडायचं तेवढं मी भांडले. बोलवायचं काम माझ्या हातात नाही. आमच्या गावात भजनाला बसणाऱ्यांनो, येत्या गुरुवारी उठा, बाहेर या, आणि त्यांना हाताला धरून आत न्या.