रुपयाभर सोनं आणि माझे दहा ग्राम

हसणार नसाल तरच सांगते. आणि तो चहा खाली ठेवा, ठसका लागेल.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. सानगडीला आमच्या घरी माझ्या साक्षगंधाची बोलणी चालली होती. मी मॅट्रिक, तीही सायन्सवाली! ग्राम-किलोचा हिशोब गावात माझ्याइतका कोणाला येत नाही, असं माझं प्रामाणिक मत.

आंबागडकडचे माझे होणारे सासरे म्हणाले, "सुनेसाठी घरी सोनं ठेवलं आहे. रुपयाभर. त्याचीच पोत करून घालू."

रुपयाभर? माझं डोकंच फिरलं. शाळेच्या काट्यावर मी स्वतः रुपया तोलला होता, आठ ग्राम भरला होता. पोत म्हणजे जन्माचा दागिना. गप्प बसू मी?

पडद्याआडून सरळ बाहेर आले. "रुपयाभर नको. मले दहा ग्राम पाहिजे."

बाबांच्या हातातली सुपारी पडली. "काहून वो, मोठ्याइच्या मधात काहून बोलून राहिली?"

"बाबा, तुमाले नाही समजत. दोन ग्राम कमी देऊन राहिले हे."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून लाजल्या.

"दहाच पाहिजे ना पोरी?" त्यांनी विचारलं. "मंग बदलशीन नाही?"

"दहा म्हणजे दहा. कमी नाही, जास्त बी नाही."

"बरं बाई. दहा तं दहा."

जिंकले की नाही? एका वाक्यात दोन ग्राम! लग्नापर्यंत गावात नुसती मिरवत होते. मैत्रिणी विचारायच्या, "कशी वो बोलली तू?" मी म्हणायची, "त्याले शिक्षण लागते."

लग्नात पोत गळ्यात पडली. मी सोनाराकडून तोलून घेतली, बरोब्बर दहा. सासरी गेल्यावर सासूबाईंच्या कानात सोन्याची नवीकोरी फुलं दिसली.

"छान आहेत आई. कधी केली?"

त्यांनी कनवटीचा राणीछाप चांदीचा रुपया माझ्या हातावर ठेवला. चांगला जड लागला.

"सोनं या रुपयानं तोलतेत, बाई. रुपयाभर म्हणजे पुरा तोळा. तुया ग्रामात साडेअकराच्याही वर. तू दहाच मांगतले, मंग उरल्याचं काय करू?"

मी खाली मान घालून चुलीकडे वळले. बाहेर शेजारणी जमल्या होत्या, आणि सासूबाई कान दाखवून सांगत होत्या, "अशी सून भेटाले नशीब लागते. मांडवात यायच्या आधीच सासूले सोनं चढवलं तिनं."