पोपटी रिव्हॉल्वरचे आठ दिवस

“पर भाऊ, साडीत ह्ये खोचायचं कुटं?”

सुमनताईंनी कपाटातल्या रिव्हॉल्वरकडे बोट दाखवत विचारलं. फौजेत चोवीस वर्षं मी आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. बिघडलेली रायफल उघडायची, नीट करायची, परत द्यायची. रिटायर झाल्यावर लोणावळ्यात लायसन्सवाल्या हत्यारांचं दुकान टाकलं, त्यालाही दहा वर्षं झाली. एवढ्या काळात लोकांनी मला हत्याराबद्दल नाही नाही ते विचारलंय. साडीचं कुणी विचारलं नव्हतं.

“बेल्टला होल्स्टर लावतात,” मी म्हणालो. होल्स्टर म्हणजे हत्यार ठेवायचं चामड्याचं म्यान.

“बेल्ट कुटनं आणू? साडीला बेल्ट आस्तुय व्हय?”

शेजारच्या स्टुलावर त्यांची मुलगी प्रिया बसली होती. ती चिंचवडला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “मी हेच म्हणत होते. आई, चल.”

सुमनताई उठल्या नाहीत. बाई सत्तावन्न वर्षांच्या, टाकवे बुद्रुकच्या. दीड एकरात गुलाबाचं पॉलिहाउस. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. रोज सकाळी सहाला स्कूटीवर फुलांच्या जुड्या बांधून त्या एकट्या कामशेतला टेम्पोवर पोचवायच्या. आजूबाजूच्या सगळ्या जमिनी एका पार्टीने घेतल्या होत्या आणि यांचा दीड एकर बरोबर मधे अडकला होता. म्हणून दोन माणसं मोटारसायकलवरून यायची, रस्त्यात स्कूटी अडवायची आणि गोडीत सांगायची, “इकून टाका मावशी. एकट्या किती दिस ऱ्हानार?” एकदा रातोरात पॉलिहाउसचा प्लास्टिकचा कागद फाडला गेला. ताईंनी पोलिसांत तक्रार दिली आणि लायसन्सचा अर्जही केला. चौदा महिन्यांनी लायसन्स हातात पडलं.

आता मायलेकींत करार असा होता. आईला हत्यार अंगावर नीट बाळगता आलं तर तिनं शेतावर राहायचं. नाही जमलं तर दिवाळीच्या आत जमीन विकून चिंचवडला जायचं, लेकीच्या टू बीएचकेमध्ये. ताईंनी हे मला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं. म्हणजे बाई कुठं राहणार हे माझ्या काउंटरवर ठरणार होतं. मला हे अजिबात आवडलं नाही. मी हत्यारं विकतो, घरगुती भांडणं सोडवत नाही.

त्यातून हे गिऱ्हाईक माझ्या नेहमीच्यातलं नव्हतं. ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणजे हत्यार अंगावर असावं, पण शेजारी बसलेल्यालासुद्धा कळू नये. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना नेमकं उलटं हवं असतं. पांढरा शर्ट, गळ्यात दोरखंडासारखी चेन, आणि पहिला प्रश्न, “बसल्यावर मूठ दिसंल ना?” दाखवत फिरणं लायसन्सच्या अटीत बसत नाही, असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. मग हत्यार घ्यायचं तरी कशाला, असा त्यांना प्रामाणिक प्रश्न पडतो.

मी काउंटरवर दोन हत्यारं ठेवली, दोन्ही रिकामी. दोन्ही पॉइंट थ्री टू बोअर, म्हणजे साध्या नागरिकाला लायसन्सवर मिळतात त्यातली. एक पिस्तूल. ते चपटं असतं, गोळ्यांचं मॅगझिन मुठीत जातं, आणि वरचा भाग म्हणजे स्लाइड मागे खेचली की गोळी नळीत चढते. दुसरं रिव्हॉल्वर. त्यात गोल चक्र, चक्रात सहा गोळ्या. जाड असतं, पण भानगड कमी.

“पिस्तुलाची स्लाइड फार घट्ट असते,” मी अनुभवाच्या जोरावर सांगितलं. “बायकांना खेचायला जड जातं. तुम्ही रिव्हॉल्वरच—”

ताईंनी पिस्तूल उचललं, नळी भिंतीकडे धरली आणि स्लाइड सर्रकन मागे ओढली. आदल्याच आठवड्यात जिमवाल्या एका पोराला दोन्ही हातांनी ती अर्धीच खेचता आली होती.

“ह्यात काय जड हाय?” त्या म्हणाल्या. “आमच्या फवारणीच्या पंपाचा दांडा ह्येच्याहून घट हाय.”

प्रिया पहिल्यांदा हसली. मी विषय बदलला.

पिस्तूल चपटं म्हणून लपायला बरं, हे ताईंना पटत होतं. पण त्यांनी रिव्हॉल्वरचं चक्र बाहेर काढलं, सहा भोकांतून माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला. “ह्येच बरं. भरल्यालं का रिकामं, उगाडलं की दिसतंय. त्या पिस्तुलाच्या पोटात काय हाय कुनाला ठावं?”

हेच मी नव्या गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावतो.

माझ्या दुकानाची एक पद्धत आहे. पहिलंच हत्यार घेणाऱ्याला मी ते लगेच देत नाही. सुताराकडून लाकडी डमी करून घेतल्यात, आत लोखंडाचा तुकडा घालून. वजन खऱ्याइतकंच. रंग पोपटी, म्हणजे खऱ्याशी घोळ होणार नाही. ही डमी आठ दिवस अंगावर वागवायची. उठायचं, बसायचं, जेवायचं, पाया पडायचं, सगळं तिच्यासकट. नवव्या दिवशी येऊन सांगायचं. बरेच जण तिसऱ्या दिवशी परत आणून देतात, कारण कमरेला पाऊण किलो लोढणं वागवणं फोटोत दिसतं तेवढं मजेचं नसतं.

ताईंनी पोपटी रिव्हॉल्वर उलटसुलट करून बघितलं. “रंग ग्वाड हाय,” म्हणाल्या, आणि ते हातातल्या पिशवीत टाकलं.

“पिशवीत नको,” मी म्हणालो. “अंगावर. पिशवी हातातून सुटते.”

“माजी न्हाई सुटत.”

तिसऱ्या दिवशी फोन आला.

“भाऊ, पिशवीचं जमत न्हाई.”

“सुटली का?”

“सुटली न्हाई. भरली.”

झालं होतं असं. ताई नणंदेकडे गेल्या. आमच्या मावळात पाहुणी दारात आली की तिच्या हातातली पिशवी आधी घरात जाते आणि निघताना भरून परत येते. शेतातलं जे नवं निघालं असेल त्याचा वानवळा पिशवीत पडलाच पाहिजे, त्याला पाहुणीची परवानगी लागत नाही. नणंदेनं काकड्या भरायला पिशवीत हात घातला आणि पोपटी रिव्हॉल्वर बाहेर काढलं.

“मग?”

“मग काय! ‘वैनी, ह्ये खेळणं कुनाला आनलं?’ म्हनली. मी म्हनलं, पॉलिहाउसातली माकडं हाकलायला. तर म्हनती, येक मलाबी आन.”

त्याच दिवशी आणखी दोन घरांत पिशवीत हात गेले होते. जाऊबाईंनी दोडकी भरली, दुसरीनं तांदूळ. मी हत्यारांवरची बरीच मॅन्युअल्स वाचली आहेत. हत्यार बॅगेत ठेवू नका, बॅग चोरीला जाते, असं सगळ्यांत लिहिलेलं असतं. बॅगेत जाऊबाई दोडकी भरतील, असं कुठंच लिहिलेलं नाही.

“अंगावरच ठेवा,” मी म्हणालो. “काहीतरी युक्ती काढा.”

युक्ती त्यांनीच काढली. रानात काम करताना आणि स्कूटीवर जाताना त्या साडीवरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालायच्या. इकडं कामावर जाणाऱ्या सगळ्याच बायका घालतात. त्यांनी मेडिकलमधून कंबरदुखीचा रुंद पट्टा आणला, त्याच्या उजव्या अंगाला जाड कापडाचा कप्पा शिवला आणि पट्टा साडीवरून आवळून वर शर्ट घातला. प्रियानं मला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, “काका, यात कुठं आहे सांगा.” मी फोटो मोठा करून बघितला. मला सापडलं नाही. खरं सांगतो, मला जरा हेवा वाटला. चामड्याचे महागडे होल्स्टर लावणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांची हत्यारं पन्नास फुटांवरून कळतात.

सहाव्या दिवशी पुन्हा फोन. “भाऊ, लपलं लय चांगलं. पर गाव जगू दीना.”

आता काय? तर पट्टा दिसत होता. रिव्हॉल्वरचा कुणाला संशय आला नाही, पण ताईंची कंबर गेली ही बातमी टाकव्यात सगळीकडे झाली. एक म्हातारी तेल घेऊन आली. एकीनं निर्गुडीचा पाला उकळून आणला. शेजारचे आबा म्हणाले, माझा जन्म पायांकडून झालाय, पायाळू आहे मी, नुसता पाय लावला की कंबर मोकळी होईल. त्यांना थोपवता थोपवता ताईंच्या नाकी नऊ आले.

“लावू दिला का पाय?”

“येडं का खुळं तुमी! पोपट हाय ना तितं!”

मी दुकानात एकटाच बराच वेळ हसत होतो. एका गिऱ्हाइकानं दारातूनच विचारलं की दुकान चालू आहे का.

नवव्या दिवशी दोघी मायलेकी आल्या. ताईंनी डमी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “काल आले व्हते ती दोगं.”

प्रियाचा चेहरा उतरलेला होता. मी तिघांना चहा सांगितला आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

ताई सकाळी फुलं घेऊन निघाल्या होत्या. ठाकरवाडीच्या खाली, वळणावर, मोटारसायकल आडवी लावलेली. या वेळी भाषा गोड नव्हती. एकानं स्कूटीची किल्ली काढायला हात पुढं केला. दुसऱ्यानं फुलांची एक जुडी ओढून रस्त्यावर टाकली आणि तीवर पाय दिला.

“हात कमरेला गेला?” मी विचारलं.

“गेला की. शर्टाच्या आत गेला, मुटीवर पडला. आन् मग म्हनलं, पोपटी बंदूक काडून ह्यास्नी काय दावू?” त्या थांबल्या. “पर भाऊ, खोटं न्हाई बोलत. खरी आस्ती तरी नस्ती काडली. त्यो फुलं तुडवत व्हता. फुलासाठी मानूस मारायचा व्हय? मग हात काडला आन् हार्नवर ठिवला. आन् ठिवूनच दिला.”

त्या हॉर्नची गोष्ट अशी. ठाकरवाडीतल्या आठ-नऊ बायका ताईंच्या पॉलिहाउसात कामाला येतात. कामशेतहून परत येताना ताई वाडीखाली थांबून लांब हॉर्न देतात, म्हणजे ‘चला, निघा’. हा रोजचा ठरलेला इशारा. पण कालची त्यांना सुट्टी दिलेली होती, आणि हॉर्न वाजला तो तासभर आधी, तोही थांबेना. बायका भडकल्या. सगळ्या मिळून जाब विचारायला तरातरा खाली आल्या.

“सगळ्यात म्होरं चिमामावशी,” ताई सांगत होत्या. “वरडतच आली. ‘काल तूच म्हनलीस येऊ नका, आन् आता कान फाडतीस!’ माज्यावरच तापली व्हती ती. त्या दोगांकडं कुनी बगितलं बी न्हाई आदी.”

पण त्या दोघांना हे काय ठाऊक? त्यांना उतारावरून नऊ बायका आरडाओरडा करत, हातवारे करत अंगावर येताना दिसल्या. मोटारसायकल सुरू व्हायला तीन किका लागल्या म्हणे. चिमामावशींनी गाडीचा नंबर मात्र पाठ केला. तक्रारीत पहिल्यांदाच नंबर गेला.

प्रिया हळूच म्हणाली, “आई, म्हणजे हे नकोच ना आता?”

“नको कसं? चौदा म्हैने हेलपाटे घातल्यात म्या.”

“अगं, पण तू काढणार नाहीस म्हणतेस!”

“फुलासाठी न्हाई काडनार. माज्या जिवावर आलं तर काडीन. त्येवढं कळलं मला काल.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “द्या भाऊ. चक्राचं.”

मी दिलं. त्याआधी तीन दिवस नेमबाजीच्या रेंजवर नेऊन चालवायला शिकवलं. बोट ट्रिगरच्या बाहेर कसं ठेवायचं, हे मला एकदाच सांगावं लागलं. घरी कुलपात कसं ठेवायचं ते प्रियालाही दाखवलं. दहा वर्षांत एवढ्या निर्धास्तपणे मी कुणाला हत्यार दिलेलं नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या लाजल्या.

निघताना प्रियानं विचारलं, “मग दिवाळीचं काय?”

“तूच यी हितं. जावयालाबी आन. दिवाळीत फुलाला मागनी लय, तोडायला मानसं कमी पडत्यात.”

दिवाळीला ती गेली. जावईही गेले आणि दोघांनी चार दिवस गुलाब तोडले, हे मला प्रियानंच कळवलं, हाताला टोचलेल्या काट्यांच्या फोटोसकट. ते दोघे मोटारसायकलवाले नंबर नोंदला गेल्यापासून त्या रस्त्याला फिरकले नाहीत. ताईंचं रिव्हॉल्वर आजवर फक्त रेंजवरच वाजलं आहे. दर वर्षी साफसफाईला माझ्याकडे येतं, आणि सोबत पिशवीभर वानवळा.

धंद्यात मी एक बदल केला. पूर्वी गिऱ्हाइकाचा मी आधी हात बघायचो, मूठ किती मोठी, बोटं किती लांब. आता आधी एक प्रश्न विचारतो. “अलीकडं तुम्हाला कुणी रस्त्यात अडवलं होतं का, आणि तुम्ही काय केलंत?”

परवा एक साहेब आले. म्हणाले, “ओव्हरटेकवरून एकानं शिवी दिली. तेव्हा जवळ असतं ना, तर तिथंच आडवा केला असता.”

मी त्यांना माल संपलाय म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्या मागच्या भरलेल्या कपाटाकडं बघितलं. मीही वळून बघितलं, आणि पुन्हा सांगितलं, संपलाय.