जनीच्या पोटावरची दुसरी खूण

आधीच सांगून टाकते, अंगात येणं, उतारे, दृष्ट या सगळ्याची मी आयुष्यभर टर उडवत आले आहे. नर्सची नोकरी, त्यातली बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हिच्यापुढे देव उभा राहिला तरी ही आधी त्याचं टेंपरेचर घेईल." त्यामुळे या सदरात माझं नाव बघून ओळखीचे लोक हसणार. हसू देत.

साल सत्तरच्या आसपासचं. मी देवपूरला राहायची आणि पांझरेचा पूल ओलांडून धुळ्यातल्या एका दहा खाटांच्या खासगी दवाखान्यात कामाला जायची. आमचे सर्जन मारवाडी जैन. सगळं घर कापडाच्या धंद्यात, हे एकटेच डॉक्टर झालेले. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. माणूस फार शिस्तीचा. त्यांनी पोटाच्या आकाराचा एक रबरी शिक्का करून घेतला होता. पेशंट दाखल झाला की केसपेपरवर तो शिक्का मारायचा आणि पोटावरचा प्रत्येक व्रण, गोंदण, डाग जिथल्या तिथे काढायचा, खाली सही करायची. आमच्याकडे पोट दुखलं की तापल्या लोखंडानं डाग देणारे खेडोपाडी होते, त्यामुळे जुने डाग बघून पोरगं कधीपासून आजारी आहे ते कळायचं. शिक्का भरणं माझं काम.

एका दुपारी साक्रीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून धोंडू नावाचा माणूस आपल्या सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आला, मागोमाग त्याची म्हातारी आई. मुलगी जनी. हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्याएवढं. तिथल्या एका डॉक्टरांनी पोटाचा टीबी समजून चार महिने इंजेक्शनं दिली होती. उतार शून्य. मग गावच्या आबाकडे नेलं. हे आबा डाग देणारे. त्यांची पद्धत अशी की आदल्या दिवशी काजळीनं पोटावर खूण करायची आणि दुसऱ्या सकाळी तापल्या विळ्यानं त्या खुणेवर डाग द्यायचा. मधल्या वेळात धोंडूचा धीर सुटला आणि पोरीला उचलून त्यानं पहिली एसटी गाठली.

मी फ्रॉक वर केला तर बेंबीभोवती काजळीचं हे एवढं कडं! माझं डोकंच फिरलं. धोंडूला नको नको ते बोलले. त्याची आई मधे पडून म्हणाली, "बठ्ठं करी दखं, बाई. मन्ही पोर वाची जाई का, इतलंच सांग." सगळं करून बघितलं होतं त्यांनी, आता पोर वाचेल का एवढंच तिला हवं होतं. शिक्का मारला, खूण काढली, सही केली.

भाऊसाहेबांनी पोट बराच वेळ तपासलं. गाठ आडवी सरकत होती, उभी सरकत नव्हती. बेरियम पाजून एक्स-रे काढला तर आतडी एका कडेला ढकललेली. "सिस्टर, हा टीबी नाही," ते म्हणाले. "आतडी ज्या पडद्याला टांगलेली असतात, त्या पडद्यातली पाण्याची गाठ आहे. फार क्वचित मिळते. सगळी निघाली तर पोरगी नातवंडं बघेल. थोडी राहिली तर परत भरेल… आणि हिच्या अंगात दुसरं ऑपरेशन सोसण्याइतकं रक्त नाही."

दोन दिवसांनी सकाळी थिएटरात मी पोट धुवायला घेतलं. स्पिरिटचा बोळा फिरवला, मोठं कडं पुसलं. आणि डाव्या बरगडीखाली आणखी एक खूण दिसली. चार आण्याच्या नाण्याएवढं गोल कडं, तसंच काजळीचं. तीही पुसली. बोळा काळा झाला, तो मी बादलीत टाकला. त्या क्षणी यात वेगळं काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

पोट उघडलं. मोठ्या नारळाएवढी गाठ, पातळ भिंतीची, आत दुधासारखं पांढरं पाणी. चिकटलेलं वीतभर आतडं कापून जोडावं लागलं. भाऊसाहेबांनी बाकीचं आतडं हातातून फिरवून बघितलं आणि शिवायला धागा मागितला. ईथरची भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "आटपा, नाडी पळतेय."

माझ्या हातात सुई-धागा तयार. आणि डोळ्यांसमोर ते छोटं कडं. द्यावा का धागा? ज्या खुणेवरून मी धोंडूला फाडून खाल्लं, त्याच खुणेवरून सर्जनला थांबवायचं? आणि काही निघालं नाही, पोरगी टेबलावरच गेली, तर?

"सर… डावीकडे वर, बरगडीखाली एकदा बघता का?"

त्यांनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. "का?"

"बघा ना, सर."

जिथून लहान आतडं सुरू होतं तिथे, अगदी मागे, लिंबाएवढी दुसरी गाठ होती. तशीच दुधाळ. तिच्या वजनानं आतड्याला अर्धा पीळ बसलाच होता. भाऊसाहेबांनी गाठ काढली, पीळ सोडवला, पोट शिवलं. जनी वाचली. पुढे मुंबईहून रिपोर्ट आला की कॅन्सर नाही. शरीरात ते दुधाळ पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची जन्मतःच झालेली साधी गाठ.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी सांगितलं, आबांनी तिथेही खूण केली होती. त्यांनी केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. शिक्क्यावर एकच कडं होतं, बेंबीभोवतीचं. खाली माझीच सही.

मी तडक वॉर्डात गेले आणि म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "आबानी एकच काढं व्हतं. मी तठेच बठेल व्हती ना, बाई. दुसरं कोन काढी?" भाऊसाहेब म्हणाले, पोरीचंच काजळीचं बोट लागलं असेल. असेल. पण बोटाचा डाग कड्यासारखा गोल येत नाही, आणि नेमका तिथेच येत नाही.

हे सगळं मी एक योगायोग म्हणून विसरूनही गेले असते. पण चारेक वर्षांनी माझी सख्खी मोठी बहीण, जळगावची अक्का, त्याच टेबलावर होती. तिच्याही पोटात गाठ, पण ती साधी नव्हती. तिचं पोट मीच धुतलं. बोळा हातात धरून इतका वेळ बघत राहिले की भाऊसाहेबांना म्हणावं लागलं, "सिस्टर, चला आता." काही म्हणजे काही दिसलं नाही. गाठ निघाली, पण मागे कुठेतरी काही राहिलं, आणि दिवाळीआधी अक्का गेली.

ती खूण काय होती, कुणी केली, मला माहीत नाही. योगायोग म्हणा, माझा भ्रम म्हणा, मी भांडणार नाही. मला फक्त राग येतो. कुणा परक्याच्या पोरीच्या पोटावर जे मला दिसलं, ते माझ्या अक्काच्या पोटावर का दिसलं नाही?