रंगूबाईचा अंगठा

शेलूबाजारात हायवेला लागून कस्तुराबाईची पिठाची गिरणी. बावीस वर्षं चाललेली. पण गेल्या चार वर्षांत ती तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा कोर्टाच्या मनाई हुकुमानं. पहिल्या दाव्यात आवाजाचा त्रास, दुसऱ्यात पिठाच्या धुळीचा, तिसऱ्यात हद्दीचा वाद. दावा लावणारी शेजारीण एकच, सत्तरीची रंगूबाई. वकिलांची फर्मही एकच, जिल्ह्याबाहेरची. साक्षीपुराव्याची वेळ आली, की फर्म दावा मागे घेई आणि महिना उलटत नाही तोच नवा लावी.

कस्तुराबाईचं जेवण तुटलं. तारखेच्या आदल्या दिवशी तिला उलट्या व्हायच्या. दारात मोटरसायकल थांबली, तरी समन्सच आलं असं वाटून ती मागच्या खोलीत जाऊन बसायची. रंगूबाईशी तर तिनं बोलणंच टाकलं होतं.

तिसरा दावाही मागे घेतला गेला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. ती तडक रंगूबाईच्या ओसरीवर गेली.

"माय, माही गिरणी तुह्या डोळ्यात काहून खुपून राह्यली? तीन तीन केसा?"

म्हातारीनं उलट विचारलं, "कोनाच्या केसा? मी तं कोर्टाची पायरी नाई पाह्यली. दोन पोट्टे आलते, निराधारची पेन्शन लावून देतो म्हने. अंगठे घेऊन गेले."

कस्तुराबाईला आता एकेक धागा जुळला. गिरणीची जागा विकत मागायला हायवेवरच्या हॉटेलचा मालक दोनदा येऊन गेला होता आणि ती फर्म त्याचीच कामं पाहायची.

"फर्मवरच दावा लावतो मी," ती घरी येऊन म्हणाली.

नवरा शेषराव जीप चालवायचा. तो चिडला. "वकिलावर केस? अवो, त्यायचं घरच कोर्टात हाय. हाय ते बी जाईन!"

मंगरूळपीरच्या चार वकिलांनी हात जोडले. शेवटी कारंज्याची चंदना वकील तयार झाली. कापड दुकानदाराची मुलगी, वकिलीत सहाच वर्षं झालेली. ती म्हणाली, "मावशी, न्याय मागायला कोर्टात जाता येतं, कोणाला छळायला नाही. ते सिद्ध झालं तर भरपाई मिळते. पण सगळं रंगूबाईंच्या साक्षीवर आहे. त्या फिरल्या, तर आपण बुडालो."

हे वाक्य कस्तुराबाईच्या मनातून हलेना. म्हातारीला कोणी धमकावलं तर? तिला काही झालं तर? रोज सकाळी ती काही ना काही निमित्तानं ओसरीवर डोकावून यायची. एकदा रंगूबाई दोन दिवस ताप येऊन पडली, तर हिनं डॉक्टर घरी आणला आणि स्वतः उशाशी बसून राहिली.

फर्मवरच्या दाव्यात रंगूबाईच्या साक्षीच्या दिवशी फर्मच्या वकिलानं जुन्या दाव्याचा कागद पुढे धरला. "हा अंगठा तुमचाच ना?"

रंगूबाईनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "हो. माहाच हाय."

कस्तुराबाईनं चंदनाकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून बसलेली.

"म्हणजे दावा तुम्हीच लावला."

"अंगठा माहा हाय, बापू. कागद माहा नाई. पेन्शन म्हून सांगतलं तुमच्या पोट्ट्यायनं. चार वर्सं झाले, कोठी हाय ते पेन्शन?"

कोर्टात हशा पिकला. वकील चवताळला. "कस्तुराबाई तुम्हाला दळण फुकट देतात म्हणून हे बोलता!"

"फुकट? ते?" म्हातारी उसळली. "पावभर पीठ कमी भरलं तं गावभर भांडन होते आमचं!"

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतलं. कस्तुराबाईला मात्र हसू आलं नाही. बाहेर आल्यावर तिनं रंगूबाईला पिंपळाखाली बसवलं. पाण्याची बाटली आधी तिच्यापुढे धरली.

निकाल आठ महिन्यांनी लागला. तिन्ही दावे रंगूबाईच्या संमतीवाचून, केवळ गिरणी बंद पाडण्यासाठी लावले होते, असं कोर्टानं म्हटलं. फर्मनं भरपाई द्यावी, असा हुकूम झाला आणि संबंधित वकिलांची तक्रार कोर्टानं बार कौन्सिलकडे पाठवली.

शेषरावानं पेढे आणले. कस्तुराबाईनं पेढा हातातच धरला आणि चंदनाला फोन लावला. "आता संपलं ना, पोरी?"

"त्यांनी वाशीमच्या जिल्हा कोर्टात अपील केलंय, मावशी. पण गिरणी आता कोणी बंद करू शकत नाही, निदान अपिलाचा निकाल लागेपर्यंत तरी."

"तारीख कधीची?"

"पुढच्या महिन्यात. अकरा तारीख."

शेषराव ऐकत होता. "त्या दिवशी जीप सवारीला लावत नाई मी," तो म्हणाला, "दोघंबी जाऊ."

कस्तुराबाईनं मान डोलावली आणि पेढा रंगूबाईकडे नेऊन दिला.