तीन ताऱ्यांचा कागद

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, एसटीत रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. दोन-तीनदा वहीत लिहायला घेतलं होतं. पण पाच-सहा ओळींतच मी माझी बाजू मांडायला लागले — म्हणून ती पानं फाडली. आज तसं होऊ नये, एवढंच बघते आहे.

आमचं गाव पलूसपासून जवळ. मी सांगलीला कॉलेजात जाते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळं गल्लीत कुणाकडंही कागद आला की तो आमच्या घरी यायचा. गॅसचा फॉर्म, दवाखान्यातला रिपोर्ट, बँकेचं पत्र. मी कॉटवर बसून वाचायची आणि माझ्याहून वयानं मोठी माणसं खाली बसून ऐकायची. आई चहा टाकायची, न सांगता. मला ते आवडायचं. एखादा शब्द अडला तर तो मनातल्या मनात वगळून मी पुढं वाचायची. कुणाला काय कळणार होतं?

‘मला माहीत नाही’ — एवढंच म्हणायचं होतं. का जड गेलं असेल ते?

आमच्या गल्लीत हौसाकाकू मुलं सांभाळायच्या. कामावर जाणाऱ्या बायका सकाळी पोर सोडून जायच्या. काकूंच्या सोप्यात जुन्या लुगड्याचे दोन झोके बांधलेले असायचे आणि सात-आठ पोरं. काकूंना एक सवय होती — हातात काहीही काम असलं तरी थोड्या थोड्या वेळानं त्या पोरांच्या डोक्यांना बोट लावत मोजायच्या. मी बालविकास हा विषय घेतल्याचं कळलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, “पोरं सांभाळायला कॉलेजात शिकवत्यात व्हय? मग आमी काय म्हसरं वळली?”

शेजारच्या रूपालीवहिनींची स्वरा त्यांच्याकडंच असायची. वहिनींचा नवरा सैन्यात, लांब. त्या कपडे शिवायच्या कारखान्यात जायच्या. स्वरा तेव्हा अडीच वर्षांची होती.

मी पहिल्या वर्षाला असताना पलूसमध्ये एक डे-केअर निघालं. रंगवलेल्या भिंती, न्यायला-आणायला व्हॅन. वहिनी बघून आल्या आणि तिथल्या दोन कागदांचे फोटो घेऊन माझ्याकडं आल्या. एक शॉप ॲक्टचं लायसन होतं. दुसऱ्यावर तीन सोनेरी तारे, आणि इंग्रजीत ‘लेव्हल थ्री’.

“शीतल, तू शिकल्याली हायस. तूच सांग, हे सरकारी हाय न्हवं?”

मला माहीत नव्हतं. लायसन म्हणजे काय, मान्यता म्हणजे काय, लेव्हल कोण देतं — काहीच माहीत नव्हतं. मी फोटो मोठा केला, लहान केला. आणि म्हणाले, हो वहिनी, सरकारमान्य आहे. तीन तारे म्हणजे वरची श्रेणी. तपासून देतात.

इतक्या सहज म्हणाले की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

गल्लीत ते पसरलं. दोन दिवसांनी हौसाकाकू आल्या. पदराखालून त्यांनी एक कागद काढला — तरुणपणी केलेल्या बालवाडीच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा दाखला. कडा पिवळ्या पडलेल्या, शिक्का पुसट. ह्याला काय किंमत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी तो नीट वाचलासुद्धा नाही. म्हणाले, काकू, हे आता जुनं झालं. आता लेव्हल लागते.

“असंल गं बाई. कागदाचं तुलाच म्हायती.” त्यांनी दाखला पुन्हा पदरात गुंडाळला.

स्वरा गेली, तिच्यामागं आणखी चार पोरं गेली. उरलेल्या दोघा-तिघांवर काकूंचं भागेना. त्यांनी झोके सोडले आणि द्राक्षबागेत रोजानं घडांच्या विरळणीला जायला लागल्या.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, पोरगी लहान होती, चुकली. मलाही इथंच थांबावंसं वाटतं. फाडलेली सगळी पानं इथंच थांबली होती.

दुसऱ्या वर्षी वर्गात आमच्या मॅडमनी नेमका हाच विषय घेतला. त्या म्हणाल्या, दुकान नोंदवलं म्हणजे दुकान नोंदवलं — आत पोरं कशी सांभाळतात हे त्यावरून कळत नाही. परवाना म्हणजे दार उघडायची परवानगी, किमान अटींवर. मानांकन त्याच्या पुढचं — कुणीतरी आत येऊन बघतं, मुलं किती, बायका किती, त्या काय शिकल्यात, बाहेर पडायचा रस्ता कुठं. आणि कुठलाही कागद हातात आला की तीन गोष्टी विचारा : कुणी दिला, काय बघून दिला, कधीपर्यंत चालतो.

मी ते वहीत उतरवून घेतलं. मधल्या सुट्टीत मोबाइलमध्ये तो जुना फोटो शोधला. खाली बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. ते तारे एका कंपनीनं स्वतःच्याच शाखेला दिलेले होते, तिचं साहित्य आणि पुस्तकं घेतल्याबद्दल. सरकारचा संबंध नव्हता. पोरांचाही नव्हता. ती ओळ पहिल्या दिवसापासून तिथंच होती.

त्या दिवशी एसटीत मी ठरवलं, उतरले की आधी वहिनींकडं जायचं. उतरले. त्यांच्या दारावरून घरी गेले. उद्या सांगू — असं किती दिवस चाललं? एक पूर्ण सत्र. रोज सकाळी व्हॅन यायची, स्वरा खिडकीतून मला हात करायची, मीही करायची.

आणि आता ते सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

त्याच दिवसांत वहिनींनी मला पुन्हा विचारलं होतं. कपडे वाळत घालता घालता, सहज. “तिथं तीसेक पोरांमागं एकच बाई दिसती गं. चालतंय व्हय असं?” त्यांच्या आवाजात शंका होती. मी एक ‘नाही’ म्हणाले असते तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोर काढलं असतं. मला उत्तर माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं. आणि मी म्हणाले — तीन तारे आहेत वहिनी, ते बघूनच देतात.

पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा माहीत होतं.

नंतर दोन आठवडेही गेले नसतील. संध्याकाळी व्हॅन गल्लीत आली तेव्हा हौसाकाकू बागेतून परतत होत्या. पोरं उतरत होती आणि काकूंचं बोट सवयीनं हलत होतं. पोरं आता त्यांची नव्हती, तरी त्या मोजत होत्या. “स्वरा कुठाय?” त्यांनी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, आईनं नेली असंल. तेवढ्यात वहिनी कारखान्यातून आल्या, एकट्याच.

वहिनी, काकू आणि मी पलूसला गेलो. डे-केअरला कुलूप होतं. ती एकटी बाई दार लावून तिच्या गावाला गेली होती, फोन लागत नव्हता. मालक किल्ली घेऊन येईपर्यंत तासाच्या वर गेला. स्वरा मागच्या खोलीत झोपलेली राहिली होती आणि कधीतरी जागी झाली होती. दाराला कान लावल्यावर आवाज येत होता, रडून रडून बसलेला, खरखरीत. वहिनी दारातून तिच्याशी बोलत राहिल्या. मी भिंतीकडं बघत उभी राहिले. काचेतून आत लावलेली तीन ताऱ्यांच्या कागदाची फ्रेम दिसत होती.

दार उघडलं. पोरगी जिवंत होती, अंगावर ओरखडाही नव्हता. नखं तेवढी तुटली होती. आईकडं न जाता ती काकूंच्या कमरेला बिलगली. काकू तिच्या डोक्यावर बोट टेकवून उभ्या राहिल्या.

परत येताना वहिनी मला म्हणाल्या, “तुझा काय दोष गं त्यात? कागदच खोटा हुता.”

कागद खोटा नव्हता. त्यावर जे होतं ते खरं होतं. तरी मी मान डोलावली.

बऱ्याच महिन्यांनी स्वरा पुन्हा नीट बोलायला लागली. आता ती अंगणवाडीत जाते. काकू अजून विरळणीलाच जातात, त्यांचा दाखला ट्रंकेत असेल. मी शेवटच्या वर्षाला आहे. बालविकासात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क आहेत.

परवा वहिनी एक फॉर्म वाचून घ्यायला आल्या होत्या. स्वरा बरोबर होती. आत येताना तिनं पायातली एक चप्पल काढून उंबऱ्यावर, दाराच्या फटीत आडवी ठेवली — दार लागू नये म्हणून. ती कुणाच्याही घरी असंच करते. वहिनी हसल्या, “खोड हाय तिची. जाईल.”

मी कॉटवर नाही बसले. फॉर्म वाचला, सावकाश, खालच्या बारीक ओळींसकट. दोन शब्द अडले, ते मला येत नाहीत असं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

चप्पल तिथंच होती. जाताना स्वरानं ती उचलून पायात घातली.