सहदेवमामांचं ग्रीस

जानेफळचे सहदेवमामा बुलढाण्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळेचे शिपाई. तिथलं संशोधन कशावर, तर लोखंड गंजू नये यावर. आणि अख्ख्या खोलीत न गंजलेली वस्तू शोधायला कंदील लागे!

समता तिथे पीएचडी करत होती. मिठाच्या पाण्यात पोलादाच्या दोन सारख्या पट्ट्या बुडवायच्या. गंज चढू लागला की दोघींमध्ये विजेची बारीक चुळबुळ चालते, ती संगणकावर वेड्यावाकड्या रेघेत उमटते. सीताफळाच्या पानांचा अर्क टाकल्यावर रेघ शांत झाली, तर अर्काने गंज रोखला म्हणायचं. चार महिने रेघ काही ऐकेना. अन् सोमवारी अशी शांत, जशी साहेब आल्यावर कचेरी! तिचे मार्गदर्शक देवानंद सरांनी चिखलीहून पेढेच मागवले. शुक्रवारी समताला हा निकाल परीक्षकांपुढे मांडायचा होता.

वापरलेल्या पट्ट्या घासणं मामांचं काम. घासण्याआधी पट्टी उजेडात धरून बघायची त्यांची खोड. बघतात तर पट्टीवर हे लालभडक चट्टे! रेघ शांत अन् पट्टी गंजलेली? मामांची नजर पट्टीला वायर जोडायच्या चिमट्यावर गेली आणि हातातला पेढा परत खोक्यात गेला. चिमटा गंजतोय म्हणून शनिवारी त्यांनीच त्याला सायकलच्या चेनचं ग्रीस चोपडलं होतं. ग्रीसमधून वीज जाते कशाला!

आता पट्टी घासून टाकली की पुरावा गेला, पोरगी पास, आणि मामांची पाच महिन्यांवर आलेली निवृत्ती सुखाची. मामांनी पॉलिश कागद उचलला, परत खाली ठेवला. मग पट्टी तशीच रुमालात गुंडाळून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"हे काय हो मामा?"

"चिमट्याले म्याच ग्रीस लावलं, सर. रेघ निजली नाही, तिचा गळाच दाबला म्या."

"एकतीस वर्षं काय करून राह्यले हो तुम्ही इथं?"

"गंजच पुसून राह्यलो ना!"

समता रडकुंडीला आली. पण परीक्षकांनीच पट्टी मागितली असती तर, हे मनात येताच चिमटा घासायला बसली. प्रयोग पुन्हा मांडला. रेघ आधी नाचली, अर्क टाकल्यावर निम्मीच बसली. तेवढंच खरं होतं. शुक्रवारी तिनं तेवढंच मांडलं आणि तेवढ्यावर पास झाली.

सर मात्र पेढ्यांवरून हळहळतच होते. चिमटा पुसता पुसता मामा म्हणाले, "सर, ग्रीस होतं तोवर अख्ख्या खोलीत हा एकटाच गंजला नाही. याच्यावर बी एक पीएचडी होते का पाहा ना!"